एनिफाआईचा कोट

पडदा वर जातो तेव्हा सकाळ आहे. आमच्या चिंगाले गावातलं एक अंगण. आंब्याखाली काटक्यांचा जाळ, आणि कातडं तापून ताणावं म्हणून त्याच्याभोवती आडवे ठेवलेले ढोल. डावीकडून बायका येतात. प्रत्येकीच्या कमरेला तेच हिरवं कापड, प्रत्येक कापडावर तोच हसरा चेहरा. आमच्या देशाचे अध्यक्ष. बायका चालल्या की ते मागे डुलतात, बसल्या की सुरकुततात. आणि मग, दोन्ही हात कमरेवर ठेवून, अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहते एनिफाआई.

मी नाटक कंपनीबरोबर इथल्या मोठ्या सरोवराच्या काठाकाठाने उभं आयुष्य काढलं. राण्या पाहिल्या, राण्यांच्या भूमिका करणारे पाहिले. असा प्रवेश कुणाला जमला नाही.

एनिफा नाम्पिंगा ही पक्षाच्या नाचणाऱ्या बायकांची म्होरकी. अध्यक्ष विमानातून उतरोत की मोटारीतून, समोर तिचा घोळका नाचत असायचा. तिने पहिली ओळ उचलली की सगळे गळे मागून उठायचे आणि शेजारच्या गावातली कुत्री भुंकायची. पण त्या सकाळी ढोल तापूनही गप्प होते. अध्यक्ष निवडणूक हरले होते.

जीप येऊन थांबली. पक्षाचा जिल्ह्याचा माणूस, काचिंग्वे, नव्या कापडांचा गठ्ठा घेऊन उतरला.

"आई, शनिवारी बायका घेऊन या. साहेब राजीनामा देणार आहेत."

"हरल्यावर राजीनामा कसला? नवा माणूस शपथ घेईल तेव्हा जातीलच की."

"तेच तर!" काचिंग्वेचा आवाज खाली आला. "त्याच्या शपथेआधीच साहेब उतरणार. आपले उपाध्यक्ष आठवडाभर खुर्चीवर बसणार. आठवडा भरपूर झाला. तेवढ्यात ते सह्या करतील. साहेबांना माफी, मंत्र्यांना माफी, आपल्या पोरांना माफी. तुमच्या रॅबसनलासुद्धा. तुम्ही फक्त नाचायचं."

रॅबसन हा तिचा एकुलता एक मुलगा. आधीच्या प्रचारात विरोधी पक्षाची कचेरी जळाली होती. आत बायटन नावाचा राखणदार झोपला होता. त्याने हातांनी आग विझवू पाहिली आणि त्याचे दोन्ही तळहात जळून निकामी झाले. आपण तिथे नव्हतोच, असं रॅबसन कोर्टात म्हणाला. कोर्टाला ते पटलं नाही, तो तुरुंगात गेला. आईलाही पटलं नव्हतं, त्याच्या पँटचा रॉकेलचा वास तिने स्वतः धुतला होता.

"आणि बायटनला कुणी विचारलं?" तिने विचारलं.

"कोण बायटन?"

"ज्याचे हात जळले तो."

काचिंग्वे जीपला टेकून हसला. "आई, देशाचा अध्यक्ष माफी देतोय. त्याने राखणदाराची परवानगी काढायची?"

"अध्यक्षाचं काय जळलं होतं?"

बायका हसल्या. काचिंग्वे हसायचा थांबला. गठ्ठा तिथेच टाकून तो निघून गेला.

आमच्याकडे ज्याच्या हातून वावगं घडलं तो स्वतः दाराशी जात नाही. त्याचा मामा जातो, कोंबडा घेऊन. दाराबाहेर जमिनीवर बसतो. घरच्यांनी कोंबडा कापून मामाला जेवायला वाढलं की विषय संपला. कोंबडा परत दिला तर नाही संपला, आणि तोवर त्या माणसाच्या ताटात कुणी हात घालत नाही. रॅबसनचा मामा लास्टन आदल्या वर्षी वारला होता. आणि हे काम बाईचं नाही, असं सगळे धरून चाललेले.

दुपारी एनिफाआई माझ्या दारात आली. हातात लास्टनचा काळा कोट.

"तुम्ही जन्मभर मामा, सासरे, राजे केलेत. मला पुरुषासारखं चालायला शिकवा."

"कोट घालून जाणार? लोक काय म्हणतील?"

"जे म्हणायचं ते म्हणतील. माझा मुलगा घरी आला पाहिजे. नुसता सुटून नाही, घरी."

मग आमची तालीम झाली. "खांदे मागे," मी सांगितलं. "आणि घाई करू नका. मामाला घाई नसते."

"हातांचं काय करू?"

"काही करू नका. पुरुष काही करत नाहीत."

त्या दिवसांत तिला हसताना मी तेवढंच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. ती पुढे, मी कोंबडा काखेत घेऊन मागे. पाणवठ्यावरून एकजण ओरडली, "मामा, दाढी कुठे राहिली?"

"तुझ्या नवऱ्याला उसनी दिली, त्याला कुठे येतेय!"

बायटनच्या अंगणात आम्ही जमिनीवर बसलो. तो बाहेर आला आणि मांडीवर हात उपडे ठेवून समोर बसला. "काय काम काढलंत, मामा?" त्याने रीतीप्रमाणे विचारलं. बायटन भला माणूस, हसला नाही.

"आमच्या घरचं वासरू तुमच्या शेतात शिरलं होतं," तिने रीतीप्रमाणे सुरुवात केली.

पण बायटनची नजर तिच्या कमरेवर थांबली होती. "यांना का बरोबर आणलंत?"

कोटाखाली अध्यक्ष हसत होते. आम्ही चालीची तालीम केली, खांद्यांची केली, पण तो चेहरा आमच्या कुणाच्याच ध्यानात आला नव्हता. इतकी वर्षं तो अंगावर होता की दिसायचाच बंद झाला होता.

"दुसरं नेसून या," बायटन म्हणाला.

"माझ्याकडे दुसरं नाही."

खरंच नव्हतं. पक्ष दर वर्षी नवं द्यायचा, आणि तिने कधी विकत घेतलं नाही. ती मान खाली घालून बसली, पण उठली नाही. तेव्हा बायटनची बायको फायनेस दोरीपाशी गेली. तिथलं विटकं निळं कापड काढलं, अजून ओलसर होतं, आणि तिच्यापुढे धरलं. एनिफाआई घरामागे जाऊन ते नेसून आली. मी एका काखेत कोंबडा आणि दुसऱ्या काखेत अध्यक्ष घेऊन उभा.

"मामा," बायटन म्हणाला, "तुमचा पोरगा सांगतो, तो तिथे नव्हताच. जो नव्हताच त्याला मी माफ कसं करू? कोंबडा इथे बांधून ठेवा. कापायचा की परत द्यायचा, ते त्याच्या तोंडून ऐकल्यावर."

"मग चला माझ्याबरोबर. शुक्रवारी भेटीचा दिवस आहे."

शुक्रवारी आम्ही चौघं जिल्ह्याच्या तुरुंगात गेलो. जाळीपलीकडे रॅबसन. "आई, हा काय अवतार?"

"मी आई नाही. मामा आहे. नीट बोल."

आपल्याला इथे का आणलंय हे कळल्यावर तो जाळीला चिकटून कुजबुजला. "आठवडाभरात सुटतोय मी! आता कबूल केलं तर रॉकेल कुणी दिलं तेही निघेल. काचिंग्वेचा निरोप आलाय, जो बोलेल त्याचं नाव माफीच्या यादीतून गाळणार."

"गाळू दे."

"मी तुझा मुलगा आहे!"

"म्हणूनच आलेय. सुटशील तेव्हा गळ्यात हार घालून ट्रकवरून येशील. पुढे? कुणाच्या ताटात हात घालशील? माझ्या? मी किती दिवस पुरणार आहे तुला?"

तिचा आवाज फाटला. खांदे मात्र मागेच होते.

तोवर फायनेसने डबा उघडला होता. ती न्सिमाचा घास हाताने वळायची, सुक्या मासळीच्या रश्शात बुडवायची आणि नवऱ्याच्या तोंडात द्यायची. मक्याची ती घट्ट न्सिमा तळहातावर वळल्याशिवाय खाता येत नाही, आणि बायटनचा तळहात मिटत नव्हता. रॅबसन ते बघत राहिला. मला वाटतं, जळालेला हात म्हणजे काय हे त्याला तेव्हा कळलं.

"मीच लावली, काका," तो शेवटी म्हणाला. "आत कुणी आहे हे माहीत नव्हतं. रॉकेल काचिंग्वेंनी दिलं. पण काडी माझी."

जवळचा शिपाई हळहळला. "अरे गाढवा, एक आठवडा तरी गप्प बसायचंस!"

बायटन उठला. "मामा, मी ऐकलं. घरी चला, कोंबडा वाट बघतोय."

शनिवारी अध्यक्षांनी राजीनामा दिला. काचिंग्वे सकाळीच जीप घेऊन आला, तेव्हा एनिफाआईने गठ्ठा उचलून जीपच्या मागच्या सीटवर ठेवला. गाठसुद्धा सोडलेली नव्हती.

"तुमच्या साहेबांचा राजीनामा, तसा माझाही घे. मला बदल्यात काही नको."

"पोराचा तरी विचार करा, आई!"

"त्याचाच केलाय."

काही बायका त्याच्याबरोबर गेल्या. ती त्यांना एका शब्दाने बोलली नाही. आठवडाभरात माफ्यांवर सह्या झाल्या. साहेब सुटले, काचिंग्वे सुटला. रॅबसनचं नाव नव्हतं. त्याने सगळी शिक्षा भोगली, आणि भेटीचा एक दिवस तिने चुकवला नाही, निळं कापड नेसून जायची. सुटला तेव्हा तो चालत आला. आधी बायटनच्या अंगणात गेला, तिथे जेवला, मग घरी. अजून पेरणीला त्याची कुदळ आधी बायटनच्या शेतात पडते.

यंदाच्या उन्हाळ्यात एनिफाआईने अंथरूण धरलं. एका दुपारी मी उशाशी बसलो होतो, रॅबसन दारात होता, आणि काचिंग्वे आला. केस पिकलेले, टोपी हातात.

"आई, माझी माफी भिंतीवर चौकटीत लावलीय, अध्यक्षांच्या सहीची. पण बाजारात बायटन माझ्याकडे बघत नाही. लग्नात माझ्या ताटाला कुणी बसत नाही. माझे मामा कधीच गेले." तो जमिनीवर बसला. "तुम्ही जाल का माझ्यासाठी?"

मी रॅबसनकडे पाहिलं. त्याचा जबडा आवळला होता. एनिफाआईने उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तिने खुंटीवरच्या काळ्या कोटाकडे पाहिलं, मग मुलाकडे. मग जे बोलली ते तिचे शेवटचे शब्द, म्हणून जसेच्या तसे देतो.

"रॅबसन, कोट घाल. खांदे मागे ठेव, आणि घाई करू नकोस."