आप्पांचा फॉन्ट

सुरुवातीलाच एक कबुली देतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझा अंदाज येईल. ज्या पेनड्राइव्हमध्ये मी नवी सिस्टीम भरून आणली होती, तो मी कॉम्प्युटरला लावलाच नाही. टेबलाखाली वाकून, चष्मा न लावता, एक्स्टेंशन बोर्डावर मोबाईल चार्ज करायची जी खाच असते तिच्यात खोचला आणि पाऊण तास स्क्रीनकडे बघत बसलो. बायको दोनदा येऊन विचारून गेली, "झालं का?" मी म्हणालो, "वेळ लागतो. मोठं काम आहे."

तर असा मी. सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक, वय त्रेपन्न, मुक्काम जळगाव, पिंप्राळ्याच्या बाजूची कॉलनी. भूतखेत, संकेत, आत्मे... कशावरही विश्वास नाही. इथे लोक लिहितात ते असले अनुभव मी आवडीने वाचतो आणि खाली "झोप पूर्ण घ्या" अशी कॉमेंट टाकतो. आज ती माझ्याच लिखाणाखाली येणार. येऊ द्या.

कॉम्प्युटर बारा वर्षं जुना. चालू करायचा, दाढी करून यायचं, तरी गोल फिरतंच असायचं. माझं त्याच्याशी फारसं काम नव्हतं. तो खरा वापरला माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी.

आप्पांचा पारोळ्याला टायपिंगचा क्लास होता. मराठी टायपिंग! तालुक्यातले निम्मे कारकून त्यांच्या हाताखालून गेले. शेवटचं दीड वर्ष ते आमच्याकडे राहिले. जेवण झालं की दुपारी तीन ते साडेचार आतल्या खोलीत टाईप करत बसायचे. कीबोर्डवर बोट टेकवायचे नाहीत, हाणायचे. आणि टाईपरायटरची सवय अशी की ओळ संपली की डावा हात उचलून मॉनिटरच्या कडेला एक ढकल द्यायचे. साडेचारपर्यंत मॉनिटर वीतभर उजवीकडे गेलेला असायचा. बायको चहा घेऊन जायची आणि न बोलता तो जागेवर आणायची.

काय लिहिताय विचारलं तर एकदाच म्हणाले, तेही तिला. घरात ते तिच्याशी अहिराणीच बोलायचे. "बाई, तुनी मायबद्दल बठ्ठं लिखेल शे. मी गया की वाचजो." म्हणजे, तुझ्या आईबद्दल सगळं लिहिलंय, मी गेलो की वाच.

इथे थोडं मागचं सांगावं लागेल. सुरेखा, म्हणजे माझी बायको, पाच वर्षांची असताना तिची आई गेली. भर उन्हाळ्यात, दुपारी. आप्पांनी त्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही. तिच्या आत्याने मात्र उघडलं. सुरेखा दहा वर्षांची असेल, काहीतरी सांडलं म्हणून आत्या ओरडली, "तुले शोधाले ती उन्हमा गयी आनि तठेच पडनी!" बस, एवढंच. सुरेखा कुठेतरी खेळायला गेली, आई तिला शोधायला उन्हात बाहेर पडली आणि कोसळली. हे वाक्य माझी बायको तेव्हापासून अंगावर घेऊन हिंडत होती. मला तिने ते लग्नानंतर आठ वर्षांनी सांगितलं. बापाला विचारायची हिंमत तिला कधीच झाली नाही.

गेल्या दिवाळीनंतर आप्पा गेले. फाईल होती, पण सुरेखा ती उघडायला तयार होईना. मग एक दिवस म्हणाली, "आखाजीला वाचेन." आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षयतृतीयेला, लेक माहेरी जाते. "मला जायला आता एवढंच उरलंय," ती म्हणाली.

आता मला सांगा, बायको आयुष्यातलं एवढं मोठं काही वाचायला बसणार आणि मध्येच कॉम्प्युटर अडकून गोल गोल फिरायला लागला तर? म्हणून मी ठरवलं, त्याआधी नवी सिस्टीम टाकायची. पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या पूर्वाला फोन केला.

"बाबा, आखाजीला मी चार दिवस येतेय. तोपर्यंत हात लावू नका."

"मी काय लहान आहे?"

"लहान असता तर बरं झालं असतं. लहान मुलांना जमतं ते."

असं म्हटल्यावर बाप थांबतो का? सगळ्या फाईली, फोटो नीट दुसरीकडे उतरवून घेतले... ते मात्र मी खरंच नीट केलं. मग पेनड्राइव्ह एकदाचा योग्य खाचेत गेल्यावर जुनं सगळं पुसून नवी सिस्टीम टाकली. अर्ध्या मिनिटात चालू! मी सुरेखाला हाक मारली, "बघ, विमान झालंय." तिने फक्त विचारलं, "आप्पांची फाईल आहे ना?"

मी म्हटलं, आहे की. आणि दाखवायला उघडली.

पडद्यावर अकरा पानं होती. सगळ्यांवर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, टक्क्याच्या खुणा. नुसता कचरा.

जुन्या लोकांना माहीत असेल... पूर्वी मराठी टायपिंगला फॉन्ट लागायचा. आत साठवलेली असायची इंग्रजी अक्षरंच, फॉन्ट त्यांना मराठीचा चेहरा द्यायचा. मी फाईली उतरवल्या, फॉन्ट उतरवायचं डोक्यातच आलं नाही. अकरा पानांचा चेहरा मी माझ्या हाताने पुसला होता.

सुरेखा भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. पडद्याकडे बघत म्हणाली, "राहू द्या. मी वाचू नये असंच असेल." आणि पोळ्या करायला गेली. तिला काय वाटत होतं ते मला कळत होतं... की बापाने खरं लिहिलं होतं, आणि खरं तेच होतं जे आत्या म्हणाली.

नेटवरून उतरवता येतील ते फॉन्ट मी लावून पाहिले. काही अक्षरं जमायची, मात्रा भलतीकडे. आप्पा तोंडात पाणी धरून बोलत असल्यासारखं दिसायचं. कारण त्यांचा फॉन्ट बाजारातला नव्हता. त्यांच्या टाईपरायटरच्या कळा होत्या तशा धुळ्याच्या एका माणसाने बनवून दिला होता. कचेरीत रजा टाकली आणि धुळ्याची एसटी पकडली. पाचव्या गल्लीत दुकान होतं म्हणे. सापडलं. तिथे आता मोबाईलची कव्हरं विकतात.

"तो तं कवयच सुरतले चालना गया, भाऊ," दुकानदार म्हणाला. "आते आठे कव्हर शेत. लावी देऊ का एक?"

माणूस केव्हाच सुरतला निघून गेलेला, मी मोबाईलला कव्हर लावून परत आलो. कशाला घेतलं, विचारू नका.

पूर्वा आली. तिने दोन तास डोकं लावलं. म्हणाली, एकेक अक्षर ओळखत गेलं तर उलगडेल, पण महिना जाईल. मग माझ्याकडे बघून, "बाबा, तुम्ही ना..." एवढंच म्हणाली.

आखाजी उजाडली. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची घागर भरतात. आप्पांना मुलगा नाही, म्हणून ती आमच्या घरात भरली. पाणी मी ओतलं. घागरीवर छोटं मडकं, त्यावर खरबूज. पुरणपोळी, आमरस झाला. निखाऱ्यावर घास ठेवून आगारी टाकली. सुरेखा सकाळपासून आतल्या खोलीत फिरकली नव्हती. कॉम्प्युटर पूर्वाने आदल्या दिवशी बंद केला तो बंदच.

जेवणं झाली आणि लाइट गेली. अडीच वाजले असतील. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, असं ऊन. आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत ओल्या फरशीवर पडलो होतो. माझा डोळा लागत होता.

टक. टक-टक. टक.

मला वाटलं, नळ. मग वाटलं, शेजाऱ्यांकडे काहीतरी ठोकताहेत. पूर्वा उठून बसली.

"बाबा, कीबोर्ड वाजतोय."

मी म्हणालो, "उंदीर असेल." पण टकटक आता सलग चालली होती... जोरात, हाणल्यासारखी. थोडा वेळ चालायची, मग थांबायची, आणि फरशीवरून खुर्ची ओढावी तसा बारीक करकर आवाज. लाकडावर प्लास्टिक सरकल्याचा. मग पुन्हा टकटक.

तो करकर आवाज दीड वर्ष रोज दुपारी ऐकलेला होता. ओळ संपल्याचा.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं. मी उठलो. खरं सांगतो, आत जाण्यासाठी नाही. चपला कुठे आहेत ते बघायला. तेवढ्यात सुरेखाने माझा हात धरला. भिंतीला टेकून ताठ बसली होती.

"बसा," म्हणाली. "कुणी जायचं नाही. लिहू द्या."

आम्ही बसलो. किती वेळ, ते मोबाईलवर दिसत होतं म्हणून सांगतो... साडेचार वाजायला दोन-तीन मिनिटं असताना आवाज थांबला. लाइट पाचनंतर आली. पंखा फिरला, फ्रिज गुरगुरला आणि घर पुन्हा घरासारखं झालं, तेव्हा कुठे पूर्वाने दार ढकललं.

खोलीत कुणी नाही. खिडकीची कडी आतून लावलेली. मॉनिटर वीतभर उजवीकडे सरकलेला, टेबलावरच्या धुळीत त्याच्या बैठकीचा माग.

कॉम्प्युटर बंद होता. पूर्वाने तो चालू केला आणि फाईल उघडली.

मराठी. अकराच्या अकरा पानं, स्वच्छ मराठी, आप्पांची जशी असायची तशी... पूर्णविरामाआधी एक जागा सोडलेली.

सुरेखा खुर्चीवर बसली. आम्ही बाहेर जायला निघालो तर म्हणाली, "थांबा." म्हणून मी मागे उभा राहिलो आणि तिच्या डोक्यावरून जे वाचलं, त्यातलं तिने परवानगी दिली तेवढंच लिहितो.

आप्पांनी लिहिलं होतं की तिच्या आईच्या काळजाची झडप खराब होती. धुळ्याच्या डॉक्टरांनी दोन वर्षं आधीच सांगितलं होतं की दिवस थोडे आहेत. तिने नवऱ्याकडून शपथ घेतली होती की घरात कुणाला कळता कामा नये. त्या दुपारी ती कुणाला शोधायला गेली नव्हती, पाणी भरायला गेली होती. "तू त्या वेळी माझ्या क्लासात होतीस. तिसऱ्या मशीनच्या टेबलाखाली झोपलेली होतीस. मीच तुला उचलून घरी नेलं." आणि पुढे: "तुझी आत्या तुला काय बोलली ते मला या पावसाळ्यात कळलं, तू तापात बरळलीस तेव्हा. तोंडाने सांगायला गेलो, जमलं नाही. मला टाईप करून सांगता येतं."

शेवटी एक ओळ होती. "जावयांवर रागावू नकोस. त्यांनी चांगल्या मनाने केलं."

आता ही ओळ आप्पांनी जिवंतपणीही लिहिलेली असू शकते. माझ्यावर रागवायला कारणं कधीच कमी नव्हती.

पूर्वाने नंतर सगळं तपासलं. फाईल त्याच दिवशी चार अठ्ठावीसला सेव्ह झालेली. कॉम्प्युटर मात्र आदल्या संध्याकाळी बंद झाला तो पाच अकराला चालू झाला, मध्ये काही नाही. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी केव्हाच मेलीय, त्याच्यावर आम्ही फुलदाणी ठेवतो. आप्पांचा फॉन्ट अजूनही त्यात नाही. अक्षरं नव्या सिस्टीमची, साधी, कुठेही उघडतील अशी. पूर्वा म्हणते, एखाद्या अपडेटने आपोआप बदल केला असेल. मी विचारलं, लाइट नसताना? ती म्हणाली, "मला नका विचारू ना, बाबा." मग मॉनिटरचं विचारलंच नाही.

मी अजूनही विश्वास वगैरे ठेवत नाही. पण स्पष्टीकरणही नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, फक्त उंदीर म्हणू नका. ते मी आधीच म्हणून झालंय.

त्या संध्याकाळी सुरेखाने चहा केला. कपात बघत बसली होती. मला राहवलं नाही, विचारलं, "तू एवढी शांत कशी बसलीस गं? तुला भीती नाही वाटली?"

"बापाची कसली भीती?" ती म्हणाली. "भीती होती ती आईची. आज पहिल्यांदा तिची आठवण काढली आणि मान खाली गेली नाही."