नाही म्हणणारा मॉक

आमच्या घरात तांदूळ कधी संपत नाहीत, ते 'वाढतात'. निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही. अशा घरातली मी, सौंसरला बसून नागपूरच्या एका कंपनीसाठी डायलिसिसच्या पेशंटांचं अ‍ॅप लिहीत होते. आज मशीन मिळणार की नाही, एवढंच त्यानं सांगायचं. आमची आईच त्या मशीनच्या भरवशावर. आठवड्यातून दोनदा एकटी बसनं नागपूरला जायची, मला सोबत येऊ द्यायची नाही.

अ‍ॅपच्या स्क्रीनवर काय दाखवायचं ते त्यातला कंट्रोलर ठरवतो आणि दवाखान्याची खबर त्याला सर्व्हिस आणून देते. कंट्रोलर तपासताना खरी सर्व्हिस जोडत नाहीत. तिच्या जागी मॉक बसवतात, म्हणजे आपण पढवू तेच बोलणारा तोतया. माझ्या साऱ्या टेस्ट हिरव्यागार, म्हणजे पास झाल्या आणि मी खुशीत चहा मांडला.

तेवढ्यात कंपनीतल्या सीनियर ताईंचा फोन. "काऊन वं, तुझा मॉक त सगळ्याले होच म्हणून राहिला. दवाखान्यातून उत्तरच नाही आलं त?"

ते मी लिहिलंच नव्हतं. आईच्या मशीनबद्दल वंगाळ लिहायला हातच गेला नव्हता. जामसावळीच्या मारुतीला मनातून हात जोडले आणि मॉकला पढवलं, या वेळी उत्तर देऊ नको. टेस्ट लाल झाली. माझा कंट्रोलर जुनंच उत्तर धरून बसला होता: 'तुमची वेळ पक्की आहे.'

अंगावर काटा आला. दवाखान्यातली एक वायर हलली नव्हती, कोणाला त्रास नव्हता, आणि उत्तर न येणारी, पुढे कधीतरी उगवणारी सकाळ माझ्या टेबलावर येऊन उभी होती. एका तोतयानं माझं खोटं पकडलं! मग उत्तर न आल्यावर दाखवायचं वाक्य बदललं: 'दवाखान्याशी संपर्क नाही. फोन केल्याशिवाय निघू नका.'

अ‍ॅप सुरू झाल्यावर एका सकाळी आई डबा घेऊन दारात, आणि तिच्या फोनवर तेच वाक्य. दवाखान्यात फोन करून विचारलं, तर मशीन बंद. उद्या या म्हणाले.

आईनं चपला काढल्या. "बरं झालं बाई, सांगतलं त्यानं. मागल्या बारीले, हे अ‍ॅप नव्हतं तवा, दिवसभर दवाखान्याच्या बाकावर बसून तशीच वापस आली मी. तुले मात्र 'झालं' म्हणून सांगतलं."