गार हात
गवती चहा उकळल्याचा वास आला की मला मुळशीतला एक लहानसा दवाखाना आठवतो. प्रसूतिशास्त्राची रेसिडेंट डॉक्टर म्हणून पुण्याहून मला तिथं तीन महिन्यांसाठी पाठवलं होतं. थंडीची सकाळ होती. जवळच्या रिहे गावाहून नववा महिना लागलेली एक बाई सासूबरोबर तपासायला आली होती. मी हात ठेवला की तिचं पोट दगडासारखं व्हायचं, आणि बाळाचं डोकं काही केल्या हाताला लागेना. बाळ आडवं असणार असं ठरवून मी पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहायला घेतली. सिझर करावं लागेल असं मी सांगितलं, तशी ती बाई पडल्यापडल्याच म्हणाली, "म्याडम, हात लई गार हायेत तुमचं. अंग चोरतंय माझं." सासूनं थर्मासमधला गवती चहा स्टीलच्या पेल्यात ओतून माझ्या हातात दिला. मी तो तोंडाला लावला तशी म्हणाली, "प्यायला न्हाई, धरायला दिलाय." हात उबदार झाल्यावर मी पुन्हा तपासलं. पोट मऊ होतं, आणि डोकं खाली, जिथं हवं तिथंच होतं. चिठ्ठी मी फाडून टाकली. आता दरवर्षी नवे डॉक्टर माझ्याकडे शिकायला येतात. थंडीत तपासणीआधी मी त्यांच्या हातात गरम चहाचा पेला देते, आणि दरवर्षी ते तो तोंडाला लावतात.