चौदा चढले, तेरा मेले

एकाहत्तरची लढाई संपून दोन वर्षं झाली होती. आमची पलटण ईशान्येच्या डोंगरात होती. मी लान्सनायक, सिग्नलचा माणूस, गाव इस्लामपूरजवळ. पोस्टला रस्ता नव्हता. रेशन, डाक आणि रजेवर जाणारी माणसं, सगळी ने-आण आठवड्यातून एकदा येणाऱ्या ट्रान्सपोर्ट विमानानं. ढग खाली उतरले की तेही येत नसे.

शिपाई बिरू माझ्याच सेक्शनमधला. औंधच्या पूर्वेकडचा, मेंढपाळाच्या घरातला. त्याचा बाप दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा आणि पावसाच्या तोंडाला परतायचा. बिरूला मागची दोन्ही वर्षं रजा मिळाली ती ऐन थंडीत. घरी जाऊन आला, पण बापाचं तोंड दिसलं नाही. त्या वर्षी माझी रजा दिवाळीच्या तोंडावर होती, त्याची आठ दिवसांनंतर.

"गड्या, आट दिसांनी गेलो तर म्हातारा घाट उतरल्याला असतुय," तो म्हणाला.

"मग माज्या जागेवर तू जा. मी तुज्या जागेवर जातो."

पलटणीत हे सर्रास चालायचं. कुणाच्या घरी लग्न, कुणाच्या घरी आजारपण; जवान आपसात रजा बदलायचे आणि कागद मागाहून दुरुस्त व्हायचे. विमानाच्या आदल्या रात्री मी रजेचं काम बघणाऱ्या हवालदाराकडे गेलो. विमानात बसणाऱ्यांची यादी, म्हणजे मॅनिफेस्ट, संध्याकाळीच सही होऊन तयार होती.

"आता नवी लिस्ट कोण टाईप करणार? साहेब जेवायला गेलं," तो म्हणाला. "जाऊ द्या त्याला तुमच्या नावावर. उद्या बघू."

मी हो म्हणालो. यादी बदलल्याशिवाय बिरू चढणार नाही, एवढं म्हणायला मला काय धाड भरली होती? पण म्हणालो नाही.

सकाळी सात चाळीसला विमान उडालं. आत चौदा माणसं. बिरूची ट्रंक मी स्वतः आत ढकलली. आठ पाचला मी वायरलेस सेटवर होतो. पायलटचा आवाज शांत होता.

"वेदर क्लोजिंग इन. टर्निंग बॅक."

"रॉजर. रिपोर्ट पोझिशन."

उत्तर नाही. मी सव्वाअकरापर्यंत हाक देत राहिलो. मग पाऊस सुरू झाला.

अकरा दिवस आम्ही शोधत फिरलो. जळवांनी पाय फोडले, दोन माणसं तापानं पडली. विमानाचा पत्राही सापडला नाही. तोवर वरच्या हेडक्वार्टरनं यादीवरून तारा धाडल्या होत्या. इस्लामपूरला माझ्या मरणाची तार गेली. हे मला डोंगरातून परतल्यावर कळलं. मी जिवंत असल्याची तार लगेच केली आणि सगळी हकिकत अ‍ॅडज्युटंट साहेबांपुढं मांडली.

हेडक्वार्टरनं माझ्या नावावर रेघ मारली. त्या जागी बिरूचं नाव मात्र लिहिलं नाही. चौदा चढले आणि कागदावर तेरा मेले! चौदावा काय ढगात उतरून गेला? हा साधा प्रश्न एकाही शहाण्याला पडला नाही. बिरू हजेरीला नव्हता, त्याची रजा सुरू झालेली नव्हती, म्हणून गैरहजर. तीस दिवस भरले आणि तो नियमानं भगोडा, म्हणजे फौजेतून पळालेला, ठरला.

हवालदाराला विचारलं, तर म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नव्हतं." माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला. आज तो भेटला तरी मी त्याला सोडणार नाही.

ज्याच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, तिथं भगोडा म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला समजायचं नाही. पोलीस दोनदा घरी गेले. मग बापामागं मेंढरांच्या मुक्कामावर गेले, घोंगड्या उलथ्यापालथ्या करून पोराला शोधलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि इथं तर संन्यासी मेलेला!

अ‍ॅडज्युटंट साहेबांनी मला एकदा बाजूला घेतलं. "पाटील, लेखी जबाब दिलास तर तुझी लान्सनायकाची फीत जाईल."

"जाऊ दे, साहेब."

कोर्ट ऑफ इन्क्वायरी दहा महिन्यांनी बसली. माझी फीत गेली. हवालदाराला ताकीद मिळाली. बिरू विमानात होता, हे मान्य झाल्याचा कागद पलटणीत यायला आणखी तीन महिने लागले. माझी रजाही तोवर बंद होती.

रजा सुटल्याबरोबर मी त्या कागदाची नक्कल घेऊन निघालो. दिवाळी होऊन गेली होती. कराडच्या पुढं, घाट उतरायच्या आधीच्या मुक्कामावर बिरूचा बाप सापडला. दुपारची वेळ. मी पाया पडलो, कागद वाचून दाखवला. जागा मीच दिली, यादी मीच बदलून घेतली नाही, हेही सांगितलं. त्यानं मारलं असतं तरी मी उभा राहिलो असतो.

म्हाताऱ्यानं कागद माझ्या हातातून घेतला.

"त्या यादीवर नाव कुनाचं हुतं?"

"माजं, आबा."

"मंजी तार तुज्या घरी गेली."

"व्हय."

"आन माज्या घरी पोलीस."

त्यानं कागदाची घडी घातली.

"आई रडली का रं तुजी?"

"तीन दिवस. माजी तार पोचंपतूर."

म्हाताऱ्यानं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले.

"लय चांगलं झालं," तो म्हणाला. "आमाला वरीसभर रडायचीबी चोरी हुती. तुजी आई रडली, ती माज्याच पोराला रडली."