पथ्याचा कागद बदलणाऱ्या कुसुमताई

कुसुमताई पगारे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते नाशिकच्या एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात. सत्तरचं दशक संपत आलं होतं. ताई तिथल्या आहारतज्ज्ञ, मी त्यांच्या हाताखाली नुकतीच रुजू झालेली. पथ्याच्या कागदावर ताईंनी लिहिलं की ती आमच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

तेव्हा निफाडकडचे रघुनाथराव वॉर्डात होते. द्राक्षबागेत राबणारे, जेमतेम तिशीचे. मोठ्या आतड्याला सूज, जखमा. शौचावाटे रक्त जाई. ताकद यावी म्हणून ताईंनी तीन वेळा दूध लिहिलं होतं. एका सकाळी रघुनाथराव पेला मोरीत ओतताना दिसले. मी त्यांना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं आणि ताईंना बोलावून आणलं.

ताई स्टूल ओढून खाटेशी बसल्या. "का ओतलंत?"

"ताई, दूध पोटात गेलं का लय कळ येती. चार दिस सांगतोय, कोणी ऐकतच नाय."

ताईंचा चेहरा उतरला. फेरीवर आलेल्या मोठ्या डॉक्टरांसमोर, सगळ्या वॉर्डासमोर त्यांनी हात जोडले. "चूक माझी. तुम्हाला न विचारता मी लिहिलं."

मी सुन्न झाले. रुग्णाची माफी मागणारं माणूस मी कधी पाहिलंच नव्हतं. रघुनाथराव तर घाबरून उठून बसले. आणि ते चार दिवस सांगत होते ते मलाच! माझं नाव ताईंनी घेतलं नाही.

दूध बंद झालं, डॉक्टरांची औषधं चालू राहिली. मऊ भात, मुगाच्या डाळीचं पाणी, घोटलेला दुधी, मग पिकलं केळं. एकेक पदार्थ देऊन ताई रोज विचारत, "कसं वाटलं?" हळूहळू कळा कमी झाल्या, रक्त थांबलं.

ते घरी गेल्यावर एका रविवारी ताई मला घेऊन एसटीने निफाडला गेल्या. चुलीपाशी बसून त्यांनी रघुनाथरावांच्या पत्नीला घोटलेल्या भाज्या शिकवल्या. "ठेचा यांच्या ताटात नको, घराला असू द्या." दुखणं पुढे अधूनमधून उलटलं, पण रघुनाथराव बागेत परतले.

येताना एसटीत मी रडत कबुली दिली, की रघुनाथराव चार दिवस मलाच सांगत होते.

"ठाऊक होतं गं," ताई म्हणाल्या. "तिथे तुझं नाव घेतलं असतं, तर तू घाबरली असतीस आणि पुढे चुका लपवल्या असत्यास."

त्या धक्क्यातून मी अजून सावरलेले नाही.

ताईंना आज पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. दुसऱ्यांच्या ताटांची काळजी वाहताना स्वतःचं जेवण त्या कितीदा विसरल्या, हे आम्ही जाणतो. त्यांना निरोगी शतायुष्य लाभो. आणि ताई, यापुढे तरी वेळेवर जेवा!