न जेवता वाढलेलं वजन

धाकट्या भावाला फ्लू झाला म्हणून देवळाली प्रवऱ्याहून नगरच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा सगळ्यांना धास्ती होती ती छातीची. ताप उतरला, ऑक्सिजनही निघाला. आम्ही निर्धास्त झालो, आणि त्यानंतर तो हळूहळू दुसराच कुणीतरी दिसू लागला.

उसाच्या रानात रापलेला त्याचा चेहरा गुळगुळीत झाला, सुरकुत्या गेल्या. भर दुपारी तो चादर बोटांनी उकरायचा आणि खाटेच्या पायथ्याकडे बघून शांतपणे म्हणायचा, "थांब रं, दारं मोडतो, पानी फुडं सोडतो. हा वाफा भरला."

तिथं कुणी नसायचं.

"इथं बी पाटाचं पानी धरतोय," शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले. "पाळी संपली म्हनावं त्याची." आम्ही हसलो, मग कुणी कुणाकडे बघितलं नाही.

मला आकडे जुळलेले लागतात. त्याचं वजन दाखल झाला तेव्हापेक्षा चार किलो जास्त भरलं. पोटात तर चमचा-दोन चमचे पेज. काटा बिघडला असेल म्हणून मी स्वतः उभा राहिलो. माझं वजन बरोबर होतं.

सिस्टरला विचारलं, याची लघवी मोजता ना?

"ताई सांगतात, झाली म्हणून. मी येईपर्यंत भांडं धुतलेलं असतं."

ताई म्हणजे माझी भावजय. मी मोठा दीर. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्याशी बोलली ती पदर सावरून, दाराआडून. नवऱ्याच्या लघवीचं भांडं परक्या पोरीसमोर ठेवायचं, त्यात मी उभा; तिला ते होईना. ती मोरीत ओतून यायची.

"किती होते?" मी भिंतीकडे बघत विचारलं.

तिनं पदर पुढे ओढला. "कालपासनं वाटीभर बी न्हाई, दादा. अन् कोऱ्या चहासारखी."

भाऊ पायथ्याकडे बघून कुणाला तरी मान डोलावत होता.

रक्त तपासलं. फ्लूच्या आजारपणात मूत्रपिंडं बंद पडत आली होती. पाणी सगळं अंगातच साठत होतं. त्याच दिवशी डायलिसिस लावलं. त्याचं रक्त नळीतून बाहेर जाऊन परत येत होतं, आणि तो मला 'तुमी कोन?' विचारत होता.

लघवी वाढत गेली तर मशीन थांबवता येईल, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या डायलिसिसनंतर एका सकाळी भावजयीनं मोजायचं भांडं सगळ्या वॉर्डासमोर माझ्यापुढे धरलं.

"चारशे हाय, दादा. बघा तुमी."

मी वाकून पाहिलं. "कालच्या दुप्पट," मी म्हणालो.