मुलाखतीची साडी

अक्का दरवर्षी स्वतःच्याच नोकरीसाठी मुलाखत द्यायच्या. सोलापुरात विद्यापीठाच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत त्या प्रकल्प सहायक होत्या, अर्थात कंत्राटी. कंत्राट संपलं की जाहिरात निघायची, अक्का अर्ज करायच्या आणि ठरल्या दिवशी राखाडी, बारीक लाल काठाची साडी नेसून यायच्या. सकाळी "अक्का, कपाटाची चावी कुठंय?" असं विचारणारे आमचे सर दुपारी टेबलापलीकडे बसून गंभीरपणे म्हणायचे, "आपला परिचय द्या." बाहेर आल्यावर अक्का म्हणायच्या, "सरांना परत ओळख करून दिली बघा. वर्षभरात विसरतात की!"

ती साडी त्यांच्या वडिलांनी मागावर विणलेली. पण नेसायच्या इतरच जास्त. खेड्यातून आलेल्या एखाद्या मुलीला कुठूनही मुलाखतीचं बोलावणं आलं की अक्का साडी कडक इस्त्री करून आणायच्या, निऱ्याही स्वतः घालून द्यायच्या. तोंडात पिन धरून उपदेश चालू असायचा, "उत्तर येत न्हाई तर येत न्हाई म्हण. थापा मारू नको."

मी याच प्रयोगशाळेत कायम झाले तीही याच साडीत. त्या वेळी अक्कांना अर्जच करता आला नाही, वयाची मर्यादा उलटली होती. "वय बी प्रोजेक्टमध्येच गेलं की माझं," त्या हसून म्हणाल्या. मला मात्र हातातला पेढा खाववेना.

टेबलाच्या खणात त्यांनी कधी काही ठेवलं नाही. कप, चष्मा, डबा, सगळं संध्याकाळी पिशवीत. मी चिडवलं तर म्हणायच्या, "कायम झाल्यावर ठेवू की."

गेल्या वर्षी कंत्राटी लोकांना वयाची सूट देऊन कायम जागेची जाहिरात निघाली. अक्कांनी अर्ज भरला आणि त्याच दिवशी खण पुसून आत नवा कागद अंथरला. इतक्या आनंदात मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. तेवढ्यात केम गावची गीता साडी मागायला आली. तिची मुलाखत कोल्हापूरला होती.

"अक्का, तुमची मुलाखत तोंडावर आलीय," मी म्हटलं.

"तिची आधी हाय. येतीय की परत."

साडी गेली आणि अक्कांना ताप आला. साधा ताप म्हणता म्हणता दवाखान्यात न्यावं लागलं आणि तिथून अक्का परत आल्याच नाहीत.

त्यांच्या घरी बायका शेवटची साडी शोधत होत्या. अक्कांच्या आईला ती राखाडीच नेसवायची होती. ती गीताकडे आहे आणि आजच तिची मुलाखत आहे, हे सांगून मी फोन काढला. म्हातारीनं माझा हात धरला. "नको बाई. पोरगी आत बसली आसंल. आत्ता नको सांगू." अक्का साध्या विटकरी साडीत गेल्या. मला रडू आवरलं नाही.

आठवड्याभरानं गीता साडी घेऊन आली. तिची निवड झाली होती. अक्कांच्या टेबलापाशी येऊन तिनं घडी माझ्या हातात दिली. मी साडी खणात, त्या नव्या कागदावर ठेवली.

कायम जागेच्या मुलाखती ठरल्या दिवशी झाल्या. यादीतलं नाव कुणी काढलं नव्हतं, त्यामुळे शिपायानं अक्कांचं नाव पुकारलं. व्हरांड्यात कुणी हललं नाही. तो पुन्हा पुकारणार, तोच आतून सरांचा आवाज आला, "पुकारू नका. आम्ही ओळखतो त्यांना."